रॉकेट तयार, माणसं तयार, मग मोहीम रद्द का?

मागच्या अंकात अंतराळ स्थानकावर जाऊन आलेल्या शुभांशु शुक्ला यांच्या प्रवासावर लेख आला आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांचा रोख एकच : ठरलेल्या मोहिमा होत का नाहीत? संपादकांनी तो ढीग माझ्याकडे का ढकलला, हेही सांगून टाकते. माझी उमेदीची वर्षं भोसरी एमआयडीसीत क्वालिटीच्या टेबलावर गेली. रॉकेट उडणार की नाही, हे कुठल्या तरी इन्स्पेक्शनच्या टेबलावर नाहीतर खरेदी खात्यात आधीच ठरलेलं असतं, असं मी त्यांना एकदा चहा पिताना म्हणाले होते. आता निस्तरते आहे.

प्रश्न : ताई, अपोलो-१८, १९ आणि २० या मोहिमा ठरलेल्या होत्या. रॉकेटं बनली होती, माणसं तयार होती, तरी त्या रद्द झाल्या. यावरून आमच्या वर्गात जोरदार वाद झाला. एक गट म्हणतो पैसा संपला, दुसरा म्हणतो अपोलो-१३ च्या अपघाताने घाबरले, तिसऱ्याचं म्हणणं चंद्रावर काहीतरी ‘दिसलं’ म्हणून परत गेलेच नाहीत. खरं काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : तिसऱ्या गटाला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा आणि विषय बदला. उरलेल्या दोघांचं थोडंथोडं बरोबर आहे, पण दोघांनीही तारखा पाहिलेल्या दिसत नाहीत.

अपोलो म्हणजे अमेरिकेच्या चंद्रमोहिमा. त्यातल्या अपोलो-१३ चा अपघात एप्रिल १९७० चा. अपोलो-२० त्याच्या आधी, जानेवारी १९७० मध्येच रद्द झाली होती. आणि कात्री लागली ती त्याहूनही आधी. चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ या रॉकेटचे १५ नग बनायचे होते. पुढचे नग हवे असतील तर ज्या मालाला हातात पडायला फार वेळ लागतो, तो आगाऊ मागवायला हवा होता. हा कागद ऑगस्ट १९६८ मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्यासमोर आला आणि त्यांनी पंधराच्या पुढे एकही नग बनवायचा नाही असं ठरवून टाकलं. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले जुलै १९६९ मध्ये. म्हणजे पहिलं पाऊल पडण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीच चंद्राच्या गाडीची पुढची ऑर्डर बंद झाली होती. सगळं जग टाळ्या वाजवत होतं, तेव्हा त्या कारखान्यांमध्ये कामगारकपात सुरू होती.

तुम्ही मुलं अजून कॉलेजात आहात, म्हणून ऑर्डर बंद होते म्हणजे नक्की काय होतं ते सांगते. आमच्या वर्कशॉपमध्ये एका अंतराळ प्रकल्पासाठी स्टेनलेस स्टीलच्या छोट्या व्हॉल्व्ह-बॉड्या बनायच्या. जॉब अंगठ्याएवढा, पण त्याची सीट, म्हणजे झडप जिथे टेकते ती जागा, इतकी सपाट लागायची की डोळ्याला किंवा मायक्रोमीटरला फरक कळणंच शक्य नाही. लॅपिंग, म्हणजे घासून घासून सपाट करण्याचं काम करणारे आमचे एक काका त्यावर ऑप्टिकल फ्लॅट ही अगदी सपाट काच ठेवायचे आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली धरून काळे पट्टे बघायचे. पट्टे सरळ आणि सारख्या अंतरावर आले की पास. एखादा जरी वाकला तरी काही न बोलता जॉब पुन्हा लॅपिंग प्लेटवर. किती दाब द्यायचा आणि कुठे थांबायचं, हे कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं. ते काकांच्या मनगटात होतं.

एके दिवशी पीओ शॉर्ट क्लोज केल्याचं, म्हणजे ऑर्डर मध्येच बंद केल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीचं : गरज उरलेली नाही. ड्रॉइंग परत मागवली गेली. जॉब पकडायचं फिक्स्चर काही दिवस रॅकवर राहिलं, मग जागा हवी म्हणून भंगारात गेलं. काका रिटायर होऊन जुन्नरकडे गावी गेले. पुढे कधीतरी त्याच बॉड्यांची पुन्हा चौकशी आली, तेव्हा आमचा रेट ऐकून समोरचा माणूस भडकला. पण नवं फिक्स्चर, नवा माणूस आणि त्याचा हात बसेपर्यंत होणारं रिजेक्शन, हे सगळं त्या रेटमध्ये धरावंच लागतं.

अपोलोच्या ऐन भरात नासा आणि तिचे कंत्राटदार मिळून सुमारे ४ लाख माणसं या कामाला लागली होती. ती पांगली की पुन्हा गोळा करणं किती अवघड, याचा अंदाज यावरून करा.

आता पैशाचं. सप्टेंबर १९७० मध्ये आणखी दोन मोहिमा कापल्या, त्यातून वाचणार होते सुमारे ४ कोटी डॉलर. अपोलोचा एकूण खर्च २,५०० कोटी डॉलरच्या घरातला. रॉकेटं तर बनून तयार होती. मग एवढ्याशा रकमेसाठी कोण कशाला मोहीम सोडेल? तर अध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये मागितलं होतं ते एवढंच की दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा. रशियाच्या आधी, हे न बोलता. ते १९६९ मध्ये झालं. त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेत जीव जाण्याचा धोका तेवढाच होता, पण पैसे मंजूर करणाऱ्यांना नवीन काही मिळत नव्हतं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, शहरांमध्ये दंगली होऊन गेल्या होत्या. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात नासाचा वाटा १९६६ मध्ये ४ टक्क्यांच्या वर गेला होता, तो दहा वर्षांत एका टक्क्याच्या आसपास आला. तुमच्या दुसऱ्या गटाचा मुद्दा इथे लागू पडतो. अपोलो-१३ मुळे नासातल्याच काही वरिष्ठांना वाटायला लागलं होतं की नशीब किती वेळा आजमावायचं.

रशियाकडे तर पोचण्याचाच प्रश्न होता. त्यांचं एन-१ हे अवाढव्य रॉकेट, खालच्या टप्प्यात ३० इंजिनं, १९६९ ते १९७२ मध्ये चार वेळा उडवलं आणि चारही वेळा वाया गेलं. या कामाचा कणा असलेले मुख्य अभियंते कोरोलेव्ह १९६६ मध्येच वारले होते. १९७४ मध्ये गाशा गुंडाळला.

उरलेल्या मालाचं काय झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका सॅटर्न-५ ने मे १९७३ मध्ये स्कायलॅब हे स्थानक वर नेलं. दोन उडालीच नाहीत. उडण्यासाठी बनवलेले टप्पे आता ह्यूस्टन आणि फ्लोरिडात प्रदर्शनात आडवे ठेवले आहेत. चंद्रावर चालवायची चौथी मोटार सुट्या भागांसाठी वापरून टाकली. आणि स्कायलॅब ११ जुलै १९७९ ला पडलं, त्यामागेही एक न झालेली मोहीम आहे. शटल या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या नव्या यानातून अंतराळवीर जाऊन त्याला वरच्या कक्षेत ढकलणार होते. शटल वेळेत तयार झालं नाही, त्यात सूर्याचा जोर अंदाजापेक्षा वाढला, वरचं वातावरण फुगलं आणि स्कायलॅब घसरत खाली आलं. आमच्या वाड्यात त्या दिवसांत पत्र्याखाली झोपावं की जिन्याखाली, यावर दोन बिऱ्हाडांत कडाक्याचं भांडण झालं होतं. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात.

प्रश्न : शुभांशु शुक्लांचं उड्डाण बघायला माझा मुलगा मोबाइल घेऊन बसायचा आणि दर वेळी नवीन तारीख यायची. वर्षानुवर्षं तयारी करून ऐन वेळी असं काय निघतं? एवढी मोठी माणसं आधी बघून ठेवत नाहीत का?
— गृहिणी, निगडी

उत्तर : बघूनच ठेवतात, म्हणून तर निघतं! आणि याला रद्द होणं म्हणू नका, हे लांबणीवर पडणं. दोन्हींत फार फरक आहे.

शुक्लांच्या मोहिमेचं, म्हणजे अ‍ॅक्सिअम-४ चं, आधी २९ मे २०२५ ठरलं होतं. जूनमधली एक तारीख हवामानाने खाल्ली. ११ जूनची गेली ती त्यांना नेणाऱ्या फाल्कन-९ या रॉकेटची इंजिनं जमिनीवर पेटवून पाहिल्यानंतर तपासणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून. मग अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात, झ्वेज्दामध्ये, हवेच्या गळतीची दुरुस्ती झाली होती, ती नीट टिकते का हे बघण्यात दिवस गेले. अखेर २५ जूनला आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजून १ मिनिटाने ते निघाले.

मुलाला एवढं सांगा. अंतराळ स्थानकाकडे जायचं असेल तर निघायची वेळ आपण ठरवत नाही, स्थानकाची कक्षा ठरवते. ती कक्षा तळाच्या डोक्यावरून जाईल त्या घटकेलाच सुटावं लागतं, आणि ही घटका रोज साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी येते. पुणे स्टेशनवरून सुटायला उशीर झालेली गाडी वाटेत वेळ भरून काढते, रॉकेटला तेवढं जास्तीचं इंधनच दिलेलं नसतं. फाल्कन-९ मध्ये तर अतिशय थंड केलेला ऑक्सिजन शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात भरतात. थांबलं की तो तापायला लागतो, म्हणून ‘दहा मिनिटं बघू’ असं म्हणायची सोय नाही. शिवाय फ्लोरिडात ऊन असून भागत नाही. रॉकेट बिघडलं तर माणसांची कुपी अटलांटिकमध्ये जिथे जिथे पडू शकते, तिथल्या लाटा आणि वारेही आवाक्यात असावे लागतात. अपोलो-१२ नोव्हेंबर १९६९ मध्ये ढगाळ हवेत सोडलं होतं, तर पहिल्या मिनिटातच त्यावर दोनदा वीज कडाडली. तेव्हापासून ढगांबाबतचे नियम कडक आहेत.

तपासणीचं म्हणाल तर मला आवडणारी गोष्ट जेमिनी-६ या अमेरिकेच्या दोघांच्या यानाची आहे. आधी वर जाऊन जिला गाठायचं होतं ते अजेना हे माणसाविना यान २५ ऑक्टोबर १९६५ ला वाटेतच नष्ट झालं, म्हणून मोहीम रद्द. मग नवा बेत ठरला की जेमिनी-७ ला जाऊन गाठायचं. १२ डिसेंबर १९६५. वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड आत बसलेले. इंजिनं पेटली आणि सव्वा सेकंदाच्या आत बंद पडली. कॉकपिटमधलं घड्याळ मात्र सुरू झालं, म्हणजे रॉकेट जमीन सोडून उचललं गेलं अशी खूण. नियम सांगत होता की अशा वेळी दोन पायांमधली कडी ओढायची आणि खुर्चीसकट बाहेर फेकलं जायचं. कारण उचललेलं रॉकेट परत खाली बसलं तर स्फोट ठरलेला. शिरांनी कडी ओढली नाही. खुर्चीखाली हालचाल जाणवलीच नव्हती, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. ते बरोबर निघाले. रॉकेटच्या बुडाशी असलेला एक प्लग हादऱ्याने आधीच निसटला होता आणि घड्याळ त्यामुळे सुरू झालं होतं.

पुढचा भाग आमच्या धंद्यातला आहे. नोंदी तपासल्या तर एका इंजिनाचा जोर प्लग निसटण्याच्या आधीच कमी व्हायला लागला होता. म्हणजे प्लग निसटला नसता तरी इंजिन बंद पडणारच होतं. सगळं उकलून पाहिलं तेव्हा आत सापडलं धूळ जाऊ नये म्हणून लावतात ते प्लास्टिकचं टोपण. कारखान्यात साफसफाईच्या वेळी लावलेलं, कित्येक महिने तसंच राहिलेलं. असली लाल-पिवळी टोपणं आमच्याकडेही असायची, आणि डिस्पॅचच्या आधी ती मोजून घ्यायचा रजिस्टरचा रकाना ज्या कुणी सुरू केला त्याला मी मनोमन नमस्कार करते. जेमिनी-६ तीन दिवसांनी, १५ डिसेंबरला उडालं.

आणि न सुटलेल्या यानाची दुसरी बाजूही बघा. एप्रिल १९६७ मध्ये रशियाचं सोयूझ-१ व्लादिमिर कोमारोव्ह यांना घेऊन गेलं. मागोमाग सोयूझ-२ तिघांना घेऊन जाणार होतं. सोयूझ-१ चं सौरपंख उघडेना, अडचणी वाढल्या, म्हणून सोयूझ-२ थांबवलं. परतताना कोमारोव्ह यांचं मुख्य पॅराशूट बाहेरच आलं नाही आणि ते गेले. नंतर सोयूझ-२ तपासलं तर पॅराशूटचा तोच दोष त्यातही होता. त्या तिघांनी पुढे बरीच वर्षं संसार केला.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मंगळावर कायमचं राहायला नेणाऱ्या संस्थेकडे भाच्याने अर्ज केला होता, फीही भरली होती. पैसे परत मिळतील का?
— औंधमधील एक मामा

उत्तर : नाही. मार्स वन ही ती संस्था असेल तर तिचं जानेवारी २०१९ मध्ये दिवाळं निघालं. तिच्याकडे रॉकेट नव्हतं, यान नव्हतं, जाहिरात उत्तम होती. यापेक्षा जपानी उद्योगपती युसाकू माएझावा बरे. चंद्राला फेरी मारायला कलाकारांना फुकट नेणार होते, पण ज्या यानातून जायचं ते कधी तयार होईल याचा पत्ता लागेना, म्हणून त्यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच बेत रद्द केल्याचं जाहीर केलं. भाच्याला म्हणावं, फी गेली पण पृथ्वीवर राहिलास.

प्रश्न : महोदया, गगनयान २०२२ पर्यंत उडेल असे १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून सांगण्यात आले. आता २०२७ म्हणतात. रद्द झाले असे स्पष्ट का सांगत नाहीत? तसेच सर्व कामे यंत्रे करतात, तर माणूस पाठवायचाच कशाला? उत्तर थोडक्यात द्यावे.
— ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

उत्तर : थोडक्यात : रद्द झालेलं नाही. एवढंच हवं असेल तर इथे थांबायला हरकत नाही.

थांबणार नसाल तर तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मोहिमा मरतात त्या बहुतेक त्याच प्रश्नाने. अमेरिकन हवाई दल १९६० च्या दशकात मोल नावाची प्रयोगशाळा वर नेणार होतं. नाव प्रयोगशाळेचं, काम हेरगिरीचं, म्हणजे भला मोठा कॅमेरा आणि तो चालवायला दोन माणसं. दीड अब्ज डॉलर खर्च झाले. तोवर माणसाविना चालणारे हेर-उपग्रह इतके सुधारले की माणूस म्हणजे नुसतं वजन, हवा, पाणी आणि काळजी, असा हिशेब निघाला. १० जून १९६९ ला प्रकल्प बंद. यंत्राने माणसाची जागा घेतली याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, आणि तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरतं.

इतर ठिकाणी हिशेब एवढा सरळ नव्हता. युरोपचं हर्मिस हे छोटं शटल, अमेरिकेच्या चॅलेंजर शटलच्या १९८६ मधल्या अपघातानंतर, सुरक्षिततेची साधनं वाढवता वाढवता जड झालं, सहाजणांच्या जागी तिघं बसतील एवढंच उरलं आणि १९९२ मध्ये बंद पडलं. रशियाचं बुरान १५ नोव्हेंबर १९८८ ला माणसांशिवाय दोन प्रदक्षिणा घालून आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. कौतुक करावं असं काम होतं. पण ज्या देशाने ते बनवलं तो देशच राहिला नाही, आणि १९९३ मध्ये तेही संपलं. अमेरिकेच्या कॉन्स्टेलेशन योजनेत २००४ पासून चंद्रावर परत जायची घोषणा होती, पण घोषणेइतका पैसा कधी दिलाच नाही. २००९ मध्ये ऑगस्टीन समितीने सांगितलं की वर्षाला आणखी सुमारे ३ अब्ज डॉलर नसतील तर हे जमणार नाही. २०१० मध्ये ती गुंडाळली. त्यातलं ओरायन यान तेवढं तगलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, माणसांशिवाय, चंद्राला जाऊन आलं.

माणूस हवाच, असं ज्या एका जागी लोकांनी भांडून सिद्ध केलं ती जागा हबल दुर्बिणीची. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया हे शटल कोसळलं, त्यात आपली कल्पना चावला गेली. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये हबलची शेवटची दुरुस्ती रद्द केली गेली. कारण पटण्यासारखं होतं. शटलला तिथे इजा झाली तर अंतराळ स्थानकाचा आसरा घेता येत नाही, दोघांच्या कक्षा वेगळ्या. पण खगोलशास्त्रज्ञ गप्प बसले नाहीत, सामान्य लोकही बसले नाहीत. यंत्रमानव पाठवता येईल का हे तपासून झालं, ते जमेल असं दिसेना. २००६ मध्ये निर्णय फिरवला आणि मे २००९ मध्ये दुरुस्ती झाली. त्या वेळी दुसऱ्या तळावर एंडेव्हर हे शटल सुटकेसाठी सज्ज उभं होतं. इथे अडचणीवर तोडगा शोधला गेला, कारण हबल कुणाला तरी मनापासून हवी होती.

आता गगनयान. तारखा घसरल्या हे खरंच, आणि २०२२ ही तारीख पहिल्या दिवसापासून मला भाषणातली वाटत होती, वर्कशॉपमधली नाही. तरी प्रकल्प आतून पोकळ होतोय की हळू चाललाय हे ओळखायचं असेल, तर मी मंत्र्यांची वाक्यं बघत नाही, ऑर्डरी बघते. २०१८ मध्ये खर्च १० हजार कोटींच्या आतला धरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तो २०,१९३ कोटींपर्यंत वाढवला आणि त्यात स्वतःच्या अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरला. बंद पाडायच्या कामावर कुणी दुप्पट पैसे मंजूर करत नाही. वालचंदनगरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, इस्रोच्या रॉकेटांचे मोटर-केसिंग, म्हणजे इंधन भरायची नळकांडी, बनतात. तिथली प्लेट वाकवणं आणि वेल्डिंग थांबल्याची बातमी आली तर मला पत्र पाठवा, मग मी काळजी करीन.

आणि २१ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ आठवा. माणसांच्या कुपीची सुटका-चाचणी होती. आधी हवेमुळे उशीर, मग शून्याला पाच सेकंद असताना संगणकाने मोजणी थांबवली. टीव्हीवरचे निवेदक गडबडले. शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि दहा वाजता रॉकेट सोडलं. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर कुपी रॉकेटपासून ओढून काढली, पॅराशूट उघडली, ती समुद्रात पडली आणि नौदलाने उचलून आणली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून टाकून पॅराशूटची आणखी एक चाचणी झाली. कोमारोव्ह यांचं वर सांगितलंच आहे, पॅराशूटला लागतील तेवढी वर्षं लागू द्यावीत.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. ज्यांची निवड होते आणि मग मोहीमच रद्द होते, त्यांचं पुढे काय होतं? मला अंतराळवीर व्हायचंय, पण माझ्या वेळी असं झालं तर?
— विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : काहींचं चांगलं होतं, काहींचं नाही. दोन्ही ऐक.

जो एंगल हे अपोलो-१७ मधून चंद्रावर उतरणार होते. पुढच्या मोहिमा कापल्या गेल्या आणि शास्त्रज्ञांनी धरून बसलं की निदान शेवटच्या खेपेला तरी एक भूशास्त्रज्ञ पाठवा. अपोलो-१८ साठी तयारी करणारे हॅरिसन श्मिट एंगल यांच्या जागी आले. एंगल यांना चंद्र मिळाला नाही, पण १९८१ मध्ये शटलच्या दुसऱ्या उड्डाणाचे ते कमांडर झाले. वर ज्या मोलबद्दल लिहिलंय, त्यातले सात वैमानिक नासाने घेतले, आणि त्यांच्यापैकी रॉबर्ट क्रिपन यांनी एप्रिल १९८१ मध्ये शटलचं पहिलंवहिलं उड्डाण केलं. स्टारलायनर या यानात बिघाड झाला तेव्हा सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना परत आणायला पुढच्या यानात दोन खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागल्या, म्हणून २०२४ मध्ये झेना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांना त्या मोहिमेतून वगळलं. कार्डमन पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वतःच्या मोहिमेच्या कमांडर म्हणून गेल्या.

प्योत्र कोलोदिन यांचं मात्र वेगळं झालं. १९७१ मध्ये सोयूझ-११ मधून ते, लिओनोव्ह आणि कुबासोव्ह जाणार होते. अगदी तोंडावर कुबासोव्ह यांच्या एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसला. क्षयाच्या शंकेने नियमाप्रमाणे तिघांनाही मोहिमेतून वगळलं आणि त्यांच्या जागी राखीव तिघं गेले. परतताना एक झडप उघडली, यानातली हवा गेली, ते तिघंही वारले. कुबासोव्ह यांना क्षय नव्हताच. लिओनोव्ह आणि कुबासोव्ह १९७५ मध्ये अमेरिकनांबरोबरच्या संयुक्त मोहिमेत गेले. कोलोदिन यांना पुन्हा कधीच संधी मिळाली नाही.

आपल्याकडचीही दोन माणसं आहेत, आणि त्यांची नावं शाळेत सांगत नाहीत याचा मला राग येतो. इस्रोचे पी. राधाकृष्णन नायर आणि एन. सी. भट. १९८५ मध्ये त्यांची निवड झाली. सप्टेंबर १९८६ मध्ये अमेरिकेच्या शटलमधून आपला इन्सॅट-१सी हा उपग्रह जाणार होता आणि सोबत यांच्यापैकी एकजण. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं, सातजण गेले. शटल अडीच वर्षांहून जास्त जमिनीवर राहिलं. त्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रेगन यांनी ठरवलं की शटलने यापुढे व्यापारी उपग्रह न्यायचे नाहीत. झालं, उपग्रहाची जागा गेली आणि त्याच्यासोबतची माणसाचीही गेली. इन्सॅट-१सी १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटने, माणसाविनाच, वर गेला. हे दोघं आपल्या इस्रोतल्या कामावर परतले. राकेश शर्मा १९८४ मध्ये जाऊन आले होते. त्यांच्यानंतर भारतीय हवाई दलातला माणूस वर जायला २०२५ उजाडलं.

तुझ्या वेळी असं झालं तर? होऊ शकतं. म्हणून हातात असं काम असू दे की मोहीम नसली तरी सकाळी उठून ते करावंसं वाटेल. वर सांगितलेल्यांपैकी कुणी वैमानिक होतं, कुणी अभियंता, श्मिट खडकांचे अभ्यासक.

गगनयानसाठी निवडलेले चौघंही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. राकेश शर्मा काय किंवा शुभांशु शुक्ला काय, दोघंही खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले, म्हणजे तुझ्या घरापासून फार लांब नाही. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे, मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. परीक्षा यूपीएससी घेते आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. तेव्हा पुढच्या वर्षी दहावी झाली की कुणीही काहीही सांगो, अकरावीचा फॉर्म भरताना गणित सोडू नकोस. आणि एक, मराठीत पत्र लिहिताना ‘अंतराळवीर’मधला वी दीर्घ काढलास, शाबास. तुझ्याआधीच्या चारही मोठ्या माणसांपैकी दोघांनी तो ऱ्हस्व काढला होता, मी गुपचूप दुरुस्त केला.